साखरेचा खडा: शोशोनींच्या खोऱ्यात चार दिवस

या प्रवासाची सुरुवात एका नाण्यानं झाली. आई गेल्या उन्हाळ्यात वाईहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे सॉल्ट लेक सिटीला आली होती. एका संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं, अमितनं, खिशातली मोड टेबलावर ठेवली, त्यात एक सोनेरी डॉलर होता. आईनं तो उचलून चष्म्याजवळ नेला. "ही कोण गं? झाशीच्या राणीसारखं पाठीशी पोर बांधलंय हिनं."

आईनं चौतीस वर्षं चौथीच्या मुलांना इतिहास शिकवला. तिला अर्धवट उत्तर चालत नाही. मी सांगितलं, ही सॅकाजविया, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी शोशोनी जमातीची मुलगी. साधारण बाराव्या वर्षी हिदात्सा लोकांनी छापा घालून तिला पळवून नेलं आणि माहेरापासून शेकडो मैल दूर ठेवलं. पुढे शार्बोनो नावाच्या फ्रेंच-कॅनेडियन व्यापाऱ्यानं तिला बायको केलं. 1804 साली राष्ट्राध्यक्ष जेफरसननं ल्यूइस आणि क्लार्क या दोन कप्तानांना मिसूरी नदीच्या उगमापर्यंत आणि तिथून पॅसिफिक महासागरापर्यंत वाट शोधायला पाठवलं. डोंगर ओलांडायला घोडे हवेत, घोडे शोशोनींकडे आहेत आणि शोशोनींची भाषा या मुलीला येते, म्हणून नवऱ्यासोबत तिलाही घेतलं. 1805च्या एप्रिलमध्ये निघताना ती सोळा-सतरा वर्षांची होती आणि मूल दोन महिन्यांचं. तिचं चित्र तिच्या हयातीत कुणी काढलं नाही. नाण्यासाठी शोशोनी-बॅनॉक जमातीतलीच रँडी'एल टीटन ही विद्यार्थिनी चित्रकर्तीसमोर बसली होती.

आईनं एवढंच विचारलं, "मग पोहोचली का माहेरी?"

पोहोचली होती. 17 ऑगस्ट 1805ला. ती जागा आमच्यापासून गाडीनं पाच तासांवर आहे आणि ऑगस्ट नुकताच लागला होता. आम्ही निघालो.

पहिला दिवस, 11 ऑगस्ट: सॉल्ट लेक सिटी ते डिलन

सकाळी सहाला निघालो. आंतरराज्य महामार्ग 15 सरळ उत्तरेला जातो, आयडाहो ओलांडून मोनायडा खिंडीतून मोंटानात उतरतो. डब्यात आईची थालीपिठं, लसणाची चटणी आणि दशम्या होत्या. ज्यांच्या घरात शाकाहारी माणसं आहेत त्यांना मनापासून सांगते, या भागात डबा घेऊनच फिरा. डिलननंतर पोटभर शाकाहारी जेवण मिळणं कठीण.

डिलनला सामान टाकलं आणि ऊन उतरल्यावर पुढे बीव्हरहेडच्या खडकापर्यंत गेलो. सपाट कुरणातून एकदम उठलेला हा कातळ. पाण्यात पोहणाऱ्या बीव्हरचं डोकं वर आलं आहे असं शोशोनींना वाटायचं. 8 ऑगस्टला सॅकाजवियानं तो लांबूनच ओळखला. माझ्या लोकांची उन्हाळ्यातली वस्ती इथून फार दूर नाही, असं तिनं सांगितल्याचं ल्यूइसनं त्याच दिवशी लिहून ठेवलं. तोवर तुकडीचा धीर सुटत आला होता. उथळ, थंड पाण्यातून होड्या ओढून ओढून माणसं थकली होती.

त्या दिवशी वणव्यांचा धूर हवेत होता, त्यामुळे खडक आधी निळसर आणि मग तांबूस दिसला. आई बराच वेळ गाडीला टेकून उभी होती. मग म्हणाली, "एसटीनं वाईला यायचे ना, तर पांडवगड दिसला की मी पिशवी आवरायला घ्यायची."

दुसरा दिवस, 12 ऑगस्ट: पाण्याखालचा तळ, हॉर्स प्रेरी आणि लेमहाय खिंड

सकाळी सात अंश होते. ऑगस्ट आहे म्हणून स्वेटर घरी ठेवू नका. ल्यूइसनं याच परिसरात 21 ऑगस्टला लिहिलंय की पाण्यावर पाव इंच बर्फ आहे आणि शाई लेखणीतच गोठते आहे.

डिलनच्या दक्षिणेला वीसेक मैलांवर क्लार्क कॅन्यन धरण आहे. ज्या ठिकाणी सॅकाजवियाला तिची माणसं भेटली, ज्याला पुढे 'कॅम्प फॉर्च्युनेट' म्हणजे भाग्याचा तळ म्हणू लागले, ते 1964 साली या धरणाच्या पाण्याखाली गेलं. काठावर एक निरीक्षणस्थळ आहे, माहितीफलक आहेत आणि समोर नुसतं पाणी. ऑगस्टमध्ये पाणी बरंच उतरलेलं असतं, कडेला भेगाळलेल्या चिखलाचा पट्टा दिसतो. आईनं पहिला प्रश्न विचारला तो आपल्याकडच्या माणसाचा. "उजनीचं पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं. इथं काही वर येतं का?" इथं वर येण्यासारखं कुणी काही बांधलंच नव्हतं. शोशोनी आले, राहिले आणि तंबू उचलून गेले.

त्या दिवसाचं वर्णन तिथल्या बाकावर बसून मी आईला सांगितलं. क्लार्क, शार्बोनो आणि सॅकाजविया नदीकाठानं चालत येत होते. समोरून घोड्यांवरची शोशोनी माणसं दिसली आणि सॅकाजविया एकदम नाचायलाच लागली. त्यांच्याकडे बोट दाखवून स्वतःची बोटं चोखायला लागली. ही खूण होती, यांच्यात मी दूध पिऊन वाढले. मग गर्दीतून एक बाई धावत आली आणि दोघींनी मिठी मारली. छाप्यात दोघींना एकत्रच धरून नेलं होतं, ती वाटेतून निसटून परत आली होती. ही राहिली होती.

थोड्या वेळानं शिडाच्या कापडाच्या सावलीत बैठक बसली. सॅकाजवियाला दुभाषी म्हणून बोलावलं. ती आत येऊन बसली, बोलायला सुरुवात करणार तोच समोरच्या मुख्याकडे तिचं लक्ष गेलं. कॅमिआवेट. तिचा भाऊ. ती उठली, धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली, आपलं पांघरूण त्याच्यावर टाकलं आणि रडू लागली. त्यालाही भरून आलं. मग ती परत जागेवर जाऊन बसली आणि भाषांतर करू लागली. मधूनमधून रडू यायचं, ती थांबायची आणि पुन्हा सुरू करायची.

मला त्या दिवसातलं हे परत जागेवर जाऊन बसणं सगळ्यात जास्त लागतं. पाच वर्षांनी भाऊ दिसला आणि समोर घोड्यांचा व्यवहार चाललाय. दुभाषी या शब्दात दोन भाषा आहेत, इथं चार होत्या. ल्यूइस इंग्रजीत बोलणार, लाबीश नावाचा शिपाई ते फ्रेंचमध्ये शार्बोनोला सांगणार, शार्बोनो हिदात्सा भाषेत बायकोला आणि ती शोशोनीत भावाला. भावाचं उत्तर याच पायऱ्या उलट चढत वर जाणार. त्या साखळीच्या एका टोकाला तिचं माहेर होतं.

घरचं वर्तमानही तिला तिथंच कळलं. घरातली बहुतेक माणसं गेली होती. दोन भाऊ उरले होते आणि मेलेल्या बहिणीचा एक मुलगा. त्या भाच्याला तिनं लगेच आपलं मानलं. लहानपणी ज्याच्याशी तिचं ठरलं होतं तो माणूसही त्या वस्तीत होता, तिच्या दुप्पट वयाचा, दोन बायका असलेला. हिला आता दुसऱ्यापासून मूल झालंय, मला नको, असं तो म्हणाला. मोहिमेच्या नोंदींत हे सगळं आहे. तिला काय वाटलं ते मात्र लिहिलेलं नाही.

आणि ल्यूइसच्या वहीत एक ओळ आहे. काही दिवसांनी ल्यूइसनं कॅमिआवेटला वाळवलेला भोपळा दिला. तो शिजवून खाल्ल्यावर कॅमिआवेट म्हणाला, आजवर चाखलेल्या जिनसांत हा सगळ्यात चांगला, साखर सोडून. साखरेचा छोटा खडा त्याला बहिणीनं दिला होता.

आई काही बोलली नाही. यंदा राखी तिनं मामाला पोस्टानं पाठवली होती. पर्समधून खडीसाखरेची डबी काढली, घसा खवखवतो म्हणून ती कायम जवळ असते, आणि आम्हा दोघांच्या हातावर एकेक खडा ठेवला.

तिथून 324 क्रमांकाचा रस्ता पश्चिमेला हॉर्स प्रेरीतून जातो. रुंद, गवताळ, माणूस नसलेलं खोरं. भेट जवळजवळ इथंच बिघडली होती, 11 ऑगस्टला. ल्यूइस तीन माणसांना घेऊन पुढे आला होता: ड्रुइयार, शील्ड्स आणि मॅकनील. दोन मैलांवर त्याला घोड्यावरचा एक शोशोनी दिसला, महिनोन्महिने शोधत होते त्यातला पहिला माणूस. ल्यूइसनं पांघरुणाची दोन टोकं धरून ते हवेत उडवलं आणि जमिनीवर पसरल्यासारखं केलं, असं तीनदा. पाहुण्याला बसायला घोंगडं अंथरतात, तशीच ही तिकडची मैत्रीची खूण. मग बाही वर करून गोरी कातडी दाखवली आणि 'तबाबोन' असं ओरडला. गोरा माणूस म्हणून तो शब्द तो शिकला होता. पण शोशोनींनी गोरा माणूस पाहिलाच नव्हता, तर त्याला शब्द कुठून असणार? त्या शब्दाचा अर्थ 'परका' असाही लावला जातो. भर माळावर एक परका हात हलवत 'परका, परका' असं ओरडत येतोय. त्यात दोन्ही बाजूंनी ड्रुइयार आणि शील्ड्स पुढे येत होते. ल्यूइसनं थांबायची खूण केली तेव्हा ड्रुइयार थांबला, शील्ड्सला मात्र ती दिसली नाही, तो चालतच राहिला. स्वारानं घोडा वळवला, ओढा उडी मारून ओलांडला आणि झुडपांत दिसेनासा झाला.

त्या वेळी शोशोनींचं घाबरणं अगदी रास्त होतं. शत्रूंकडे बंदुका होत्या, यांच्याकडे जवळपास नव्हत्याच. त्याच वसंतात त्यांच्यावर हल्ला होऊन माणसं गेली होती. रानरेड्यांच्या मैदानात उतरायचीही भीती, म्हणून वर्षातले कित्येक महिने डोंगरात लपून कंदमुळं आणि मासे यांवर काढायचे. कॅमिआवेट पुढे ल्यूइसला म्हणाला होता, आमच्याकडे बंदुका असत्या तर आम्हीही मैदानात राहिलो असतो, शत्रूंसारखं पोटभर खाल्लं असतं.

प्रेरी संपली की डांबरी रस्ता सोडून उजवीकडे कच्च्या रस्त्यानं खिंडीकडे वळायचं. इथं थोडं कामाचं: डिलनलाच टाकी पूर्ण भरा, पुढे पंप नाही. मोबाइलला रेंज नाही, नकाशा आधीच उतरवून घ्या, जमल्यास कागदी न्या. मोंटानाकडची चढण साध्या गाडीला जमते, आयडाहोकडचा उतार मात्र तीव्र, अरुंद आणि खडीचा आहे. मागे ट्रेलर असेल तर तिकडे जाऊच नका. बर्फामुळे हा रस्ता वर्षातले बरेच महिने बंद असतो, जुलै ते सप्टेंबर हा खरा काळ. आणि निघण्यापूर्वी जादा चाक उघडून, हवा तपासून बघा. हे का सांगते ते पुढे येईल.

खिंडीच्या थोडं अलीकडे सॅकाजविया स्मारक तळ आहे. दोन-चार बाकं, फुलझाडांचं गवत आणि त्यातून वाहणारा झरा, एका ढांगेत ओलांडता येईल एवढा. 12 ऑगस्टला मॅकनील इथल्या ओहोळावर दोन काठांना दोन पाय ठेवून उभा राहिला आणि अथांग वाटणाऱ्या मिसूरीला ढांगेत घेईपर्यंत जगलो म्हणून त्यानं देवाचे आभार मानले. मिसूरीचा सर्वांत लांबचा उगम खरं तर ब्राउअर झऱ्याचा, सेंटेनियल डोंगरातला, पण त्या माणसाचा आनंद त्यामुळे कमी होत नाही. आई कृष्णाकाठची. तिनं चप्पल काढली, पाण्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावली आणि मगच पाणी प्यायला वाकली. झऱ्याचं पाणी न उकळता पिऊ नये, म्हणून मी तिला थांबवलं. ते तिला आवडलं नाही.

खिंड 7,373 फुटांवर आहे. वर एक कुंपण, एक पाटी आणि वारा. या कुंपणाच्या रेषेवर मोंटाना संपतं आणि आयडाहो सुरू होतं. पूर्वेला पडलेला थेंब मेक्सिकोच्या आखातात जातो, पश्चिमेचा पॅसिफिकमध्ये. ल्यूइसला इथून खाली मोठी, संथ नदी दिसेल अशी आशा होती. दिसल्या त्या डोंगरांच्या रांगांमागे रांगा, माथ्यावर बर्फ असलेल्या. आम्हालाही त्याच दिसल्या, धुरामुळे शेवटची रांग पुसट. एक गोष्ट मात्र इथं उभं राहून नीट समजते: ही वाट कुणी 'शोधली' नाही. ल्यूइस स्वतः लिहितो की तो मोठ्या, स्पष्ट दिसणाऱ्या इंडियन वाटेनं वर आला. ती शोशोनींची रोजच्या जाण्यायेण्याची वाट होती.

उतरताना एजन्सी क्रीकच्या वळणांवर गाडीचं मागचं उजवं चाक बसलं. जादा चाक काढलं तर तेही हवा गेलेलं. गाडी भाड्याची होती, घेताना आम्ही ते तपासलं नव्हतं. रेंज नाही, दुपारचे दोन वाजलेले, आईला ऊन लागू नये म्हणून छत्री धरून रस्त्याकडेला बसवलं. पाऊण तासानं खालून एक जुना ट्रक आला. आत सत्तरीतलं जोडपं, जवळच्या रँचवरचं. त्यांनी ट्रकमधल्या पंपानं जादा चाकात हवा भरली, अमितसोबत चाक बदललं आणि घरी चला म्हणाले, गार पाणी तरी प्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलावर पाव होता आणि चोकचेरीची जेली, गडद जांभळी. अंगणातल्या झुडपावर फळं लगडलेली होती, बाईंनी एक घोस आणून आईच्या हातात दिला. आईनं एक तोंडात टाकलं आणि तिचं तोंड आवळलं. "कच्च्या जांभळासारखं गं, जीभ जाड होते." बी मात्र चावू नका, विषारी असतं. ल्यूइसला कॅमिआवेटच्या तळावर पहिल्यांदा खायला मिळालं ते हेच: चोकचेरी आणि सर्व्हिसबेरी कुटून, उन्हात वाळवून केलेल्या वड्या. त्याहून जास्त त्या लोकांकडे द्यायला काही नव्हतं आणि होतं ते त्यांनी दिलं.

मी त्या गृहस्थांना विचारलं, ओढ्याचं नाव एजन्सी क्रीक का? ते थोडे थांबले. इंडियनांची एजन्सी, म्हणजे त्यांचा कारभार बघणारं सरकारी कार्यालय, इथंच होती, म्हणाले, हे सगळं खोरं त्यांचं होतं, माझे आजोबा नंतर आले. एवढंच. त्यांनी हे सरळपणे सांगितलं, आणि मला ते आवडलं.

तिसरा दिवस, 13 ऑगस्ट: लेमहाय खोरं आणि सॅमन

आम्ही मुक्कामाला होतो ते सॅमन हे नदीकाठचं छोटं गाव. सकाळी टायर दुरुस्त करून घेतलं आणि पुन्हा मागे, 28 क्रमांकाच्या रस्त्यानं टेंडॉय या वस्तीकडे गेलो, कारण 13 ऑगस्टचा प्रसंग याच खोऱ्यातला आहे. मध्ये नदी, तिच्या कडेला विलो आणि कॉटनवुडची झाडं, दोन्ही बाजूला गवताची कापणी चाललेली.

त्या दिवशी ल्यूइसला वाटेत एक म्हातारी आणि बारा वर्षांची मुलगी दिसली. पळायला वेळ नव्हता. दोघी जमिनीवर बसल्या आणि मान खाली घातली, आता मारणार म्हणून. ल्यूइसनं बंदूक खाली ठेवली, म्हातारीला हात धरून उठवलं, मणी, आरसे आणि मोकासिन म्हणजे कातडी जोडे शिवायच्या आऱ्या दिल्या आणि दोघींच्या गालांना हिंगूळ लावला. लाल रंग ही शोशोनींत शांततेची खूण. तेवढ्यात साठेक स्वार भरधाव आले, धनुष्यं सरसावलेली. बायकांनी गाल आणि भेटी दाखवल्या. कॅमिआवेट खाली उतरला, ल्यूइसच्या खांद्यावर हात टाकून गालाला गाल लावला, मग सगळ्यांनी तसंच केलं, इतकं की या गळाभेटींनी, अंगाला लागलेल्या चरबीनं आणि रंगानं अगदी थकून गेलो असं ल्यूइस लिहितो.

आईला हा भाग फार आवडला. "गालाला लाल लावलं आणि जीव वाचला सगळ्यांचा," ती म्हणाली. "ती म्हातारी धीराची. पळाली असती तर?"

त्याच संध्याकाळी कुणीतरी ल्यूइसला भाजलेल्या ताज्या सॅमनचा, म्हणजे समुद्रातून नदीत चढून येणाऱ्या माशाचा, तुकडा दिला. तो चाखला आणि त्याची खात्री पटली की आपण पॅसिफिकला जाणाऱ्या पाण्यावर आलो आहोत. या खोऱ्यातले शोशोनी स्वतःला अगाइदिका म्हणतात, सॅमन खाणारे. 'लेमहाय' हे नाव त्यांचं नव्हे. 1855 साली मॉर्मन लोकांनी इथं किल्ला बांधला, आपल्या धर्मग्रंथातल्या लिम्हाय राजाचं नाव दिलं, तीन वर्षांत सोडूनही गेले. नाव राहिलं.

दुपारी सॅमनच्या सॅकाजविया केंद्रात गेलो. एकाहत्तर एकरांची मोकळी जागा, छोटं संग्रहालय, नदीपर्यंत पायवाटा, पाठीशी बाळ घेतलेला तिचा पुतळा. फक्त उन्हाळ्यात उघडं असतं, दोन तास हाताशी ठेवून जा. नावाचा उच्चार इथं सगळे 'ज'नं करतात. इतिहासकार बहुधा 'ग'नं लिहितात, हिदात्सा भाषेत त्याचा अर्थ 'पक्षी-स्त्री'. लेमहाय शोशोनी म्हणतात नाव आमचं आहे, 'ज'नंच म्हणा. मी तिच्या माहेरचा उच्चार धरला आहे.

घोड्यांच्या व्यवहाराचा भाग मी तिथं सावकाश वाचला. सुरुवातीला तीन चांगले घोडे मिळाले एका लष्करी कोटाच्या, विजारीच्या, काही रुमालांच्या आणि तीन सुऱ्यांच्या बदल्यात, ल्यूइसच्या हिशेबानं सगळं मिळून 20 डॉलरचं. महिनाअखेर एका घोड्यासाठी क्लार्कला आपलं पिस्तूल, शंभर गोळ्या, दारू आणि सुरी द्यावी लागली. एकूण 29 घोडे आणि एक म्हातारा वाटाड्या, तुकडीतले लोक त्याला टोबी म्हणत. मधे एकदा कॅमिआवेटनं आपल्या लोकांना रानरेड्यांच्या शिकारीला निघायचा निरोप धाडला होता. तसं झालं असतं तर ओझी अर्ध्या वाटेत पडली असती. ही बातमी सॅकाजवियानं नवऱ्याला सांगितली आणि ल्यूइसला कळली. ल्यूइसनं जाब विचारला तेव्हा कॅमिआवेट म्हणाला, माझी माणसं उपाशी आहेत म्हणून मी तसं केलं. पण दिलेला शब्द त्यानं पाळला.

भावाच्या बेताची खबर तिनं दिली, यावर आई आणि अमित यांची जेवताना चांगलीच चर्चा झाली. अमितचं म्हणणं, तिनं तुकडीचा जीव वाचवला. आई म्हणाली, "अमितराव, माहेर आणि सासर दोन्ही एकाच तंबूत बसलेली असतात तेव्हा बाई काय करते ते तुम्हाला नाही कळायचं. मलाही सांगता येणार नाही."

संध्याकाळी सॅमन नदीवर गेलो. या नदीला 'जिथून परतता येत नाही अशी नदी' म्हणतात, क्लार्क इथून थोडा खाली जाऊन बघून आला आणि होड्या चालणार नाहीत हे कळल्यावर सगळ्यांना उत्तरेच्या डोंगरांतून जावं लागलं. आता माशांनाच परत येणं अवघड झालंय. समुद्रापासून इथवर आठ धरणं आहेत. 1990 साली शोशोनी-बॅनॉक जमातींनी सॉकाय सॅमनला वाचवण्यासाठी अर्ज केला, पुढच्या वर्षी तो धोक्यातल्या जातींच्या यादीत आला. 1992 साली या नदीच्या वरच्या अंगाच्या रेडफिश तळ्यात एकच सॉकाय परत आला, एक नर. आई पाण्याकडे बघत म्हणाली, "एवढं नऊशे मैल आला आणि कुणीच नाही."

चौथा दिवस, 14 ऑगस्ट: सॅमन ते फोर्ट हॉल

परतीचा रस्ता मी मुद्दाम हा निवडला. लेमहाय खोऱ्यातून दक्षिणेला, मग स्नेक नदीच्या मैदानातून फोर्ट हॉलला. 1868 साली या लोकांशी एक करार झाला, तो सिनेटनं मंजूरच केला नाही. 1875 साली राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या हुकमानं या खोऱ्यात त्यांना छोटं राखीव क्षेत्र मिळालं, तीच ती ओढ्याकाठची एजन्सी. टेंडॉय हा त्यांचा मुख्य आयुष्यभर गोऱ्यांशी सलोख्यानं राहिला आणि खोरं सोडायला वर्षानुवर्षं नाही म्हणत राहिला. 1907च्या मे महिन्यात तो वारला. त्याच वर्षी क्षेत्र बंद झालं आणि शेकडो माणसांना घरंदारं, पुरलेली माणसं मागे ठेवून सुमारे दोनशे मैलांवरच्या फोर्ट हॉल राखीव क्षेत्रात जावं लागलं. ज्यांनी घोडे दिले, वाट दाखवली, त्यांची ही नातवंडं-पतवंडं. बंदुकांचा आणि व्यापाराचा शब्द ल्यूइसनं कॅमिआवेटला दिला होता.

गाडीला हे अंतर तीन तासांचं. झुडुपांचा करडा माळ, दूर डोंगर, एखादी रँच. मी चालणाऱ्या माणसांचा, गाड्यांचा, लहान मुलांचा विचार करत होते आणि आई मागच्या सीटवर जागीच होती, एरवी ती गाडीत झोपते.

फोर्ट हॉल महामार्गालाच लागून आहे, येताना आम्ही त्याच्यावरूनच गेलो होतो. जमातीचं संग्रहालय नक्की बघा, वेळा आधी फोन करून विचारा. आत फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्या आणि माणसांचे फोटो तर विचारल्याशिवाय काढूच नका. ऑगस्टमध्ये इथं त्यांचा मोठा उत्सव असतो, तारखा जुळल्या तर त्या बेतानं या. जेवायला रानरेड्याच्या मांसाचे पदार्थ आणि फ्राय ब्रेड मिळाला. फ्राय ब्रेड म्हणजे जाड, फुगलेली मोठी पुरीच. सरकारी शिध्यात मिळणाऱ्या पिठातून आणि चरबीतून हा पदार्थ आला, तेव्हा तळण कशाचं ते शाकाहारी लोकांनी विचारून घ्यावं. आईसाठी विचारलं, वनस्पती तेल होतं, तिनं मध लावून खाल्ला.

बाहेर एक आजी टेबल मांडून मण्यांचे दागिने विकत होत्या. आईच्याच वयाच्या. आई त्यांच्यासमोर बसली आणि मी दुभाषी झाले, मराठीतून इंग्रजीत आणि उलट. आईनं विचारलं, तुमचं गाव हेच का? आजी म्हणाल्या, माझी आजी लेमहायची, ती लहान असताना इथं आली, सॅमनचं पाणी ती मरेपर्यंत आठवायची. मी सॅकाजवियाबद्दल विचारलं. कागदपत्रं म्हणतात ती 1812 साली मिसूरीकाठच्या एका ठाण्यात तापानं गेली. आजींनी मान हलवली. आमच्याकडे वेगळं सांगतात, म्हणाल्या, ती परत आपल्या माणसांत आली, म्हातारी होऊन वायोमिंगला विंड रिव्हरमध्ये गेली, 1884 साली. मी हे आईला सांगितलं. "हेच खरं असू दे," आई म्हणाली. हे मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा आजी हसल्या.

मग आईनं पर्स उघडली, डबी काढली आणि खडीसाखर पुढे धरली. काय आहे हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं, साखर, आमच्याकडे माहेरच्या माणसाला देतात. त्यांनी एक खडा तोंडात टाकला. दुसरा उचलून कागदी रुमालात गुंडाळला आणि मण्यांच्या डबीत ठेवला.

आईनं निळ्या मण्यांचं एक मनगटातलं निवडलं, अठरा डॉलरचं. ते सैल आहे, तुम्हाला मोठं होईल, असं आजी सांगत होत्या. आई म्हणाली, "सांग त्यांना, मला नाही. पुढच्या राखीला भावाला बांधणार आहे." आजींनी मनगटातलं परत घेतलं, भावाचं मनगट केवढं ते आईच्या बोटांनी दाखवायला लावलं आणि तिथंच बसून आणखी चार मणी ओवून दिले.